पहिला छोटा ट्रॅक्टर आणि त्याची अवजारं: कशावर पैसे घालावेत, कशावर नाही

18 ते 30 एचपीचा छोटा ट्रॅक्टर विकला जातो एचपीवर आणि शेतात अडतो वजनावर. इंजिनात दम असतो. पण 850 किलोचं यंत्र टणक रानात नांगर ओढायला लागलं की मागची चाकं जागच्या जागी फिरतात. पुढे जोडलेल्या लोडरच्या बकेटमध्ये ओली माती भरली की मागची बाजू हलकी होते. पाठीवर फवारणीची भरलेली टाकी घेतली की स्टिअरिंग हातात असूनही ट्रॅक्टर वळत नाही. म्हणून या वर्गातला ट्रॅक्टर पारखताना वजन, रुंदी, लिफ्ट (अवजार उचलणारी यंत्रणा) आणि पीटीओ (इंजिनची ताकद अवजाराला देणारा फिरता शाफ्ट) हे आधी बघायचं; इंजिनचा आकडा त्यानंतर.

एचपीबद्दल एवढंच सांगायचं की माहितीपत्रकात ते दोन असतात. इंजिनचे 24 एचपी असले तरी मागच्या पीटीओ शाफ्टवर साधारण 19 ते 21 पोचतात, हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबाने चाकं फिरवणारा) गिअरबॉक्स असेल तर आणखी कमी. रोटाव्हेटर, स्लॅशर (गवत कापणारं), ब्लोअर (पंख्याने फवारणारं) ही सगळी पीटीओवर चालणारी अवजारं आहेत, त्यामुळे त्यांचा हिशेब पीटीओच्या आकड्यानेच करायचा. अवजाराच्या पत्रकावर "20 ते 25 एचपी" छापलेलं असेल तर ते इंजिनचे की पीटीओचे, हे विचारून घ्या. या एका प्रश्नाने अर्धी चुकीची खरेदी टळते.

24 एचपीच्या आसपासची तीन यंत्रं शेजारी ठेवली तरी त्यांचे स्वभाव किती वेगळे आहेत ते कळतं. महिंद्रा जिवो 245 डीआय दोन सिलिंडरचा आहे, 8 पुढचे आणि 4 मागचे गिअर. कुबोटा निओस्टार बी2441 तीन सिलिंडरचा, 9 पुढचे आणि 3 मागचे. जॉन डिअर 1025आर दोन रेंजचा हायड्रोस्टॅटिक, शिवाय पोटाखाली गवतकापणी यंत्र चालवायला मधला पीटीओही. पहिले दोन मशागत आणि बागेतल्या ओळींतली कामं डोळ्यांसमोर ठेवून बनवले आहेत, तिसरा लोडर आणि गवत कापण्यासाठी. एचपी जवळपास सारखे असले तरी एकाच्या जागी दुसरा चालेल असं नाही.

गिअर की हायड्रोस्टॅटिक

दिवसाचा बहुतेक वेळ एका वेगाने ओळीत चालायचं असेल, म्हणजे रोटाव्हेटर, कल्टिव्हेटर, पेरणी, ट्रॉली ओढणं, तर गिअरचाच घ्या. ताकद कमी वाया जाते, डिझेल कमी लागतं आणि दुरुस्ती कुठलाही ट्रॅक्टर मेकॅनिक करू शकतो. दर मिनिटाला पुढे-मागे करायचं असेल, म्हणजे लोडर, अंगणातलं सपाटीकरण, झाडांभोवती गवत कापणं, तर हायड्रोस्टॅटिकला तोड नाही. क्लचवर पाय घासत बसावं लागत नाही. पण जड ओढकामात त्याचं तेल तापतं, आणि ठरलेल्या तासांना ठरलेल्या प्रतीचंच तेल आणि फिल्टर घातला नाही तर पंप-मोटर खराब होते. ती दुरुस्ती सोपीही नसते आणि स्वस्तही नसते.

गिअरच्या ट्रॅक्टरमध्ये एक गोष्ट मात्र आवर्जून तपासा: पीटीओला मिनिटाला 540 फेरे मिळतील एवढ्या इंजिन आरपीएमवर सगळ्यात खालचा गिअर किती वेग देतो? तो ताशी 2 किलोमीटरच्या आत असावा. 3 च्या वर असेल तर टणक रानात रोटाव्हेटर नीट चालणार नाही. माती बारीक होण्याआधीच ट्रॅक्टर पुढे निघून जातो. मग चालवणारा इंजिनचे फेरे कमी करून वेग कमी करतो, त्याने पीटीओही मंदावतो आणि ढेकळं तशीच राहतात. जादा हळू चालणारा क्रीपर गिअर पर्याय म्हणून मिळत असेल तर पैसे त्यावर घाला, रंगीत बॉनेटवर नको.

क्लचचंही बघा. सिंगल क्लचमध्ये पेडल दाबलं की चाकं आणि पीटीओ दोन्ही थांबतात. ड्युअल क्लचमध्ये अर्धं दाबल्यावर चाकं थांबतात आणि पूर्ण दाबल्यावर पीटीओ. गचपणात अवजार अडकलं की ट्रॅक्टर थांबवून अवजार फिरतं ठेवायचं असतं, ते सिंगल क्लचमध्ये जमत नाही. स्वतंत्र पीटीओ, म्हणजे वेगळ्या लिव्हरने किंवा बटणाने चालणारा, सगळ्यात सोयीचा.

फोर व्हील ड्राइव्हबद्दल फार वाद घालण्यासारखं काही नाही. एक टनाच्या आतल्या ट्रॅक्टरमध्ये पुढच्या चाकांची ओढ फुकट घालवणं परवडत नाही; ओलसर रान, उतार आणि लोडर या तिन्ही ठिकाणी ती लागतेच. फक्त डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर ते बंद ठेवा. पुढची चाकं मुद्दाम थोडी जास्त वेगाने फिरतील अशीच रचना असते. मऊ जमिनीत तो फरक घसरण्यात निघून जातो, कडक रस्त्यावर तो टायर आणि पुढच्या गिअरवर येतो. याच कारणाने पुढची टायर बदलताना वेगळ्या मापाची टाकू नका, आणि मागची नवी, पुढची गुळगुळीत अशी जोडीही चालवू नका.

वजनाचा हिशेब कागदावर करा

हे कोणी शोरूममध्ये करून दाखवत नाही, म्हणून इथे उदाहरणासह. ट्रॅक्टर 850 किलोचा, पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर 1.5 मीटर, पुढच्या एक्सलवर 340 किलो आणि मागच्यावर 510. पाठीवर 200 लिटरची फवारणी टाकी घेतली. पाणी, चौकट, पंप मिळून 320 किलो धरा, आणि त्या वजनाचा मध्य मागच्या एक्सलपासून 1.2 मीटर मागे. पुढच्या एक्सलवरून किती वजन उठेल? 320 गुणिले 1.2 भागिले 1.5, म्हणजे 256 किलो. पुढे उरले 84. स्टिअरिंग ताब्यात राहायला पुढच्या एक्सलवर ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान 20 टक्के, म्हणजे इथे 170 किलो हवेत. 86 किलो कमी पडले. पुढच्या एक्सलच्या अर्धा मीटर पुढे वजनं लावली तर त्यांचा परिणाम 1.33 पट होतो, म्हणजे साधारण 65 किलोची वजनं लावली की भागतं. ही वजनं ट्रॅक्टरसोबतच घ्या. नंतर त्याच मॉडेलची मिळत नाहीत आणि मग सिमेंटच्या पोत्यांचे प्रयोग सुरू होतात.

लोडरचा हिशेब याच्या उलट आणि जास्त काळजीचा. पुढच्या एक्सलच्या 1.3 मीटर पुढे बकेटमध्ये 300 किलो माती असेल तर मागून 260 किलो उठतात. मागे राहतात 250, आणि पुढच्या एक्सलवर येतात 900 किलो, म्हणजे ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त. यात लोडरचं स्वतःचं वजन धरलेलंच नाही. मागच्या चाकांवर ब्रेक आहे, पण चाकच हलकं झाल्यावर ब्रेक धरणार कशाला? मागे लिफ्टवर 250 किलोची पेटी, एक्सलपासून 1.1 मीटरवर, टांगली की मागे 433 किलोची भर पडते आणि पुढचे 183 किलो हलके होतात. टायरमध्ये पाणी भरून मागचं वजन वाढतं, पण पुढच्या एक्सलवरचा भार त्याने कमी होत नाही. तो फक्त मागे टांगलेल्या वजनाने होतो. लोडर घेणार असाल तर ही पेटी लोडरचाच भाग समजा.

टायरमध्ये पाणी भरायचं तर व्हॉल्व्ह सगळ्यात वर आणून भरा. व्हॉल्व्हमधून पाणी बाहेर यायला लागलं की टायर साधारण 75 टक्के भरलं, तिथे थांबा. उरलेल्या जागेत हवाच हवी, नाहीतर टायरला लवचीकपणा राहत नाही. जिथे पाणी गोठतं तिथे साधं पाणी चालणार नाही. कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण गोठत नाही, पण ट्यूब गळली की रिम गंजवतं.

चाक किती घसरतंय हे अंदाजाने सांगू नका, मोजता येतं. मागच्या टायरवर खडूने खूण करा. अवजार उचलून ठरलेल्या गिअरमध्ये चाकाचे 10 फेरे होईपर्यंत चाला आणि अंतर मोजा. मग त्याच रानात, त्याच गिअरमध्ये अवजार जमिनीत घालून पुन्हा 10 फेरे. पहिलं अंतर 30 मीटर आणि दुसरं 26 आलं तर घसरण साधारण 13 टक्के. हे ठीक आहे. 23 मीटर आलं तर घसरण 23 टक्के, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा डिझेल माती उकरण्यात चाललं आहे. तेव्हा खोली कमी करा किंवा वजन वाढवा. उलट 5 टक्क्यांच्या खाली आलं तर ट्रॅक्टरवर वजन उगाच लादलं आहे, ते काढा. माती दबते आणि गिअरवर ताण येतो.

हलका ट्रॅक्टर ओढकाम करू शकतो याचं श्रेय तीन जोडांच्या लिंकेजला, म्हणजे मागे अवजार धरणारे खालचे दोन हात आणि वरची टॉप लिंक यांना. हॅरी फर्ग्युसनची ही रचना 1939 च्या फोर्ड 9एन ट्रॅक्टरवर आली. तो ट्रॅक्टरही साधारण एक टनाचा आणि आजच्या 24 एचपीच्या वर्गातलाच होता. जमिनीत घुसलेलं अवजार मागे ओढतं तेव्हा खालचे दोन हात ताणले जातात, टॉप लिंक दाबली जाते, आणि त्या ओढीचा काही भाग मागच्या चाकांवर वजन म्हणून येतो. ड्राफ्ट कंट्रोलचा लिव्हर त्याच दाबावर चालतो: जमीन कडक लागली की अवजार थोडं वर उचलतो, मऊ लागली की खाली सोडतो. कित्येक जण हा लिव्हर कधी हलवतच नाहीत आणि फक्त पोझिशनच्या, म्हणजे अवजार ठरलेल्या उंचीवर धरणाऱ्या, लिव्हरवर नांगरट करतात. नांगर, कल्टिव्हेटरला ड्राफ्ट. रोटाव्हेटर, फवारणी, ब्लेडला पोझिशन. एवढं पाळलं तरी फरक दिसतो.

लिफ्टचा आकडाही नीट वाचा. 750 किलो लिहिलेलं असतं ते बहुधा खालच्या हातांच्या टोकाशी. अवजाराचं वजन टोकाशी नसतं, मागे असतं. 610 मिलिमीटर मागे मोजलं की क्षमता बरीच उतरते, काही यंत्रांत दोन तृतीयांशापर्यंत. दोन ट्रॅक्टरची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच जागी मोजलेले आहेत का ते बघा.

लिंकेजला अवजार जोडणाऱ्या पिनांची मापं कॅटेगरीनुसार ठरतात: कॅटेगरी 1 ला खालच्या पिना 22 मिलिमीटर, टॉप लिंकची 19. कॅटेगरी 2 ला 28 आणि 25. अगदी अरुंद ट्रॅक्टरवर 1एन असते, पिना त्याच पण दोन हातांमधलं अंतर कमी. जुनं अवजार स्वस्तात मिळतंय म्हणून घेताना आधी या पिना मोजा. मोठ्या ट्रॅक्टरचं कॅटेगरी 2 चं अवजार पिना बदलून जोडता येतं, पण ते पेलेल का हा प्रश्न उरतोच.

रोटाव्हेटर

छोट्या ट्रॅक्टरचं हे मुख्य अवजार. ओढीवर नाही, पीटीओवर काम करतं, शिवाय पाती फिरताना ट्रॅक्टरला पुढेच ढकलतात. त्यामुळे वजनाची कमतरता इथे फारशी जाणवत नाही. रुंदीचा ठोकताळा: दर फुटाला 5 ते 6 पीटीओ एचपी. 20 पीटीओ एचपीला 1 ते 1.2 मीटर. त्याहून रुंद घेऊ नका, विक्रेता कितीही म्हणाला तरी. पण अवजार चाकांच्या बाहेरच्या कडेपेक्षा अरुंदही नको, नाहीतर एका चाकाची दबलेली पट्टी मागे तशीच राहते. ट्रॅक्टर जास्त रुंद असेल तर अवजार एका बाजूला सरकवता येणारी चौकट बघा.

बाजूचं ड्राइव्ह गिअरचं असेल तर टिकतं. साखळीचं हलकं आणि स्वस्त, पण ताण बघत राहावं लागतं आणि दगडाळ रानात साखळी तुटते. पाती साधारणपणे एल आकाराची येतात; पिकाचे अवशेष, गवत असलेल्या रानात ती चांगली. जड आणि ओलसर जमिनीत सी आकाराची कमी चिखल धरतात. पाती बसवताना धार फिरण्याच्या दिशेला हवी, आणि रोटरवर ती मळसूत्रासारख्या क्रमाने लागतात, म्हणजे एकाच वेळी एक-दोनच पाती जमिनीत शिरतात. हा क्रम चुकला की अवजार हादरतं आणि पहिल्यांदा बळी जातात ते बेअरिंग. सगळी पाती एकदम काढू नका. एकेक काढून जागच्या जागी नवं बसवा. पहिल्या दिवसाचं काम संपलं की सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे.

वाफसा नसताना रोटाव्हेटर घालणं हा सगळ्यात महागात पडणारा हट्ट. ओल्या मातीत पाती माती लिंपतात आणि खाली चकचकीत थर तयार करतात. कोरड्या कडक रानात पाती उड्या मारतात आणि शाफ्टचे क्रॉस (सांध्यातले जोड) जातात. कडक रान असेल तर आधी कल्टिव्हेटरच्या दोन पाळ्या, मग रोटाव्हेटर पहिल्यांदा 6 ते 8 सेंटिमीटर आणि दुसऱ्यांदा 10 ते 12. वर्षानुवर्षं एकाच खोलीवर फिरवला तर पात्यांच्या खाली टणक थर बसतो, मुळं त्यावर आडवी पसरतात आणि पाणी मुरत नाही. तो थर फोडायला अधूनमधून खोल जाणारं टोकदार फाळाचं अवजार लागतं. हराळी किंवा लव्हाळा असलेल्या रानात तर रोटाव्हेटर विचार करूनच घाला: त्यांच्या काशा-गाठींचे तुकडे होतात आणि एकेका तुकड्यातून नवं रोप उठतं.

रोटरच्या दोन्ही टोकांना गवत, दोरी, ठिबकच्या नळीचे तुकडे गुंडाळले जातात. ते रोज कापून काढा. सील कापलं गेलं की आधी तेल बाहेर येतं, मग माती आत जाते, आणि तोवर बाहेरून काही कळत नाही.

पीटीओ शाफ्ट: सगळ्यात दुर्लक्षित तुकडा

नवीन अवजारासोबत आलेला शाफ्ट बहुधा तुमच्या ट्रॅक्टरला लांब असतो. तसाच बसवून अवजार उचललं की दोन नळ्या एकमेकींत पूर्ण शिरतात आणि एका बाजूला ट्रॅक्टरच्या पीटीओ बेअरिंगला, दुसऱ्या बाजूला अवजाराच्या गिअरबॉक्सला ठोसा बसतो. आठवड्याभरात गिअरबॉक्समधून तेल गळायला लागलं तर कंपनीला शिव्या देण्याआधी शाफ्ट मोजा.

पद्धत सोपी आहे. अवजार जोडा, इंजिन बंद. शाफ्टचे दोन भाग वेगळे करून एक ट्रॅक्टरला, एक अवजाराला लावा. लिफ्ट हळूहळू वर-खाली करून दोन्ही टोकं सगळ्यात जवळ येतात ती जागा शोधा. बहुधा ती शाफ्ट आडवा सरळ असताना येते. अवजार खालून ठोकळ्यावर टेकवा आणि मगच शाफ्टजवळ हात घाला. दोन्ही नळ्या शेजारी-शेजारी धरून 25 ते 40 मिलिमीटर मोकळीक राहील अशी खूण करा. जेवढी आतली नळी कापाल तेवढीच बाहेरची, आणि दोन्ही प्लास्टिकची कव्हरंही तेवढीच. कडा कानसीने घासा, कीस झटका, ग्रीस लावून जोडा. मग अवजार सगळ्यात लांबच्या जागेवर नेऊन बघा: नळ्या निदान 150 मिलिमीटर एकमेकींत राहिल्या पाहिजेत. कमी राहत असतील तर शाफ्ट कापू नका, दुसरा घ्या. जोडताना दोन्ही टोकांचे काटे (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत येऊ द्या. तिरके बसले तर शाफ्ट धक्के देत फिरतो.

ट्रॅक्टरच्या बाजूचा शाफ्ट 35 मिलिमीटरचा, 6 खाचांचा असतो आणि 540 फेऱ्यांना चालतो. वळताना अवजार फार वर उचलायचं तर आधी पीटीओ बंद करा. फिरता शाफ्ट 30 अंशांच्या पुढे तिरका गेला की क्रॉस तुटायची वाट बघत असतो. प्लास्टिकचं कव्हर फुटलं तर त्याच दिवशी बदला. सैल बाही, ओढणी, पंचा, लांब केस शाफ्टपाशी नकोतच.

अवजार वाचवायला शाफ्टवर एक तर जादा ताण आला की तुटणारा शिअर बोल्ट असतो किंवा घसरणारा स्लिप क्लच. शिअर बोल्ट तुटला की त्याच मापाचा, त्याच प्रतीचा टाका. "पुन्हा पुन्हा तुटतो" म्हणून जादा मजबूत हाय-टेन्साइल बोल्ट घातला की पुढच्या दगडाला बोल्ट टिकतो, गिअरबॉक्सचे दात जातात. स्लिप क्लच वर्षभर पडून राहिला की गंजून चिकटतो आणि नेमका गरजेच्या वेळी घसरत नाही. हंगाम सुरू होण्याआधी स्प्रिंगची लांबी मोजून लिहून ठेवा, नट दोन-तीन फेरे सैल करा, प्लेटांवर खडूने एक सरळ रेघ ओढा. अवजार जमिनीत टेकवून पीटीओ दोन-तीन सेकंद लावा आणि बंद करा. रेघ तुटलेली दिसली तर क्लच सुटला. नट पुन्हा मूळ लांबीवर आणा. रेघ सरळच असेल तर उघडून प्लेटा साफ कराव्या लागतील.

बाकीची अवजारं

कल्टिव्हेटर 5 फणांचा पुरे. दगड-मुळं असलेल्या रानात स्प्रिंगचा, स्वच्छ रानात साधा. स्वस्त, टिकाऊ आणि बिघडण्यासारखं त्यात काही नाही. नांगराबद्दल मात्र आमचं मत सरळ आहे: या वर्गाच्या ट्रॅक्टरला नांगर जोडता येतो, पण वर्षातून एकदाच खोल नांगरट करायची असेल तर मोठा ट्रॅक्टर भाड्याने बोलवा. एका फाळाचा नांगर ओढताना घसरण 20 टक्क्यांच्या वर गेली की टायर, डिझेल आणि वेळ तिन्ही जातात.

गवत कापायला स्लॅशर स्वस्त, 20 पीटीओ एचपीला 1.2 मीटरपर्यंत. त्याची जड पाती पीटीओ बंद केल्यावरही फिरत राहतात, आणि सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये तीच ताकद उलटी येऊन क्लच दाबलेला असतानाही ट्रॅक्टरला पुढे ढकलते. बांधाजवळ, विहिरीजवळ हे जीवघेणं आहे. शाफ्टच्या ट्रॅक्टरकडच्या टोकाला ओव्हररनिंग क्लच (ताकद फक्त ट्रॅक्टरकडून अवजाराकडे जाऊ देणारा) बसवला की हे थांबतं. तो नसेल तर अशा ट्रॅक्टरवर स्लॅशर चालवूच नका. फ्लेल मोवर किंवा मल्चर महाग, ताकदही जास्त घेतो, पण फांद्या बारीक करतो, दगड कमी उडवतो आणि बागेच्या ओळीत झाडाच्या बुंध्याजवळ जाऊ शकतो. बाग असेल तर थांबून, पैसे साठवून हाच घ्या.

ब्लोअरसाठी एचपीची गरज टाकीपेक्षा पंख्याला जास्त. टाकी मोठी हवी असेल तर पाठीवरची न घेता चाकांवरची ओढायची घ्या. वजनाचा वरचा हिशेब आठवत असेल तर कारण वेगळं सांगायला नको. पण उतारावर भरलेली टाकी ट्रॅक्टरला ढकलते, हेही तितकंच खरं.

बॉक्स ब्लेड हे कमी बोललं जाणारं पण रोज कामी येणारं अवजार. रस्ता, अंगण, चाऱ्याची जागा, पावसाने वाहून गेलेली वाट, सगळीकडे चालतं. त्याची सगळी जादू टॉप लिंकमध्ये आहे. ती आखूड केली की पुढची धार आणि दात खाली येऊन माती उकरतात. लांब केली की मागची धार माती पसरून गुळगुळीत करते. सुरुवातीला दोन फेऱ्यांपेक्षा जास्त एकदम बदलू नका. हे अवजार जड हवं. हलकं ब्लेड कडक मातीवरून नुसतं सरकत जातं.

लोडर हवाच असेल तर ट्रॅक्टरसोबतच घ्या. चौकट, व्हॉल्व्ह, पाइप कारखान्याच्या जोडणीचे मिळतात, वॉरंटीवरून भांडण होत नाही. बकेट जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर ठेवून चालायचं, वर उचलून वळायचं नाही. खड्डे खणायचं ऑगर वर्षातून चार दिवसांच्या कामासाठी विकत घेण्यासारखं नाही, भाड्याने आणा. ते मुळांत स्क्रूसारखं अडकलं तर लिफ्टने हिसकू नका. इंजिन बंद करून मोठ्या पाइप पान्याने उलटं फिरवून सोडवा.

ट्रॉली फक्त ड्रॉबारला, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या ओढपट्टीला. टॉप लिंकच्या जागी किंवा एक्सलभोवती साखळी बांधून काही ओढलं की ओढीचा बिंदू ड्रॉबारपेक्षा वर जातो आणि ट्रॅक्टर मागे उलटतो, इतक्या लवकर की क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. ब्रेक नसलेली ट्रॉली भरल्यावर ट्रॅक्टरच्या दीडपटीपेक्षा जड नको, उतारावर त्याहूनही कमी. रोलबार (ट्रॅक्टर उलटला तर चालवणाऱ्याला वाचवणारी चौकट) उभा असेल तेव्हा सीट बेल्ट लावायचा. झाडाखाली जाताना तो दुमडला असेल तर बेल्ट काढायचा, आणि झाडाखालून बाहेर आलं की लगेच पुन्हा उभा करायचा.

सुरुवातीला ट्रॅक्टर, पुढची वजनं, रोटाव्हेटर आणि बॉक्स ब्लेड किंवा कल्टिव्हेटर एवढंच पुरेसं आहे. बाकी एक हंगाम काम केल्यावर आपोआप कळतं.

जुना घेताना, नवा आणल्यावर

जुना ट्रॅक्टर बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असू द्या. तुम्ही पोचण्याआधीच कोणी ते गरम करून ठेवलं असेल तर परत दुसऱ्या दिवशी जा. जड अवजार उचलून इंजिन बंद करा: दहा मिनिटांत ते जमिनीला टेकत असेल तर लिफ्टच्या सिलिंडरचं सील किंवा व्हॉल्व्ह गेलं आहे. फोर व्हील ड्राइव्ह लावून मऊ जमिनीत पुढची चाकं खरोखर ओढतात का ते खाली बघून तपासा. चढावर प्रत्येक गिअर आपोआप सुटतो का ते बघा. लोडर असेल तर चौकटीच्या जोडावर आणि क्लच हाउसिंगवर बारीक भेगा किंवा नवा रंग शोधा. जपानहून आलेल्या वापरलेल्या ट्रॅक्टरमध्ये पीटीओला एकापेक्षा जास्त वेग असतात; 540 चा कोणता ते समजल्याशिवाय रोटाव्हेटर जोडू नका, आणि त्या मॉडेलचे फिल्टर, क्लच प्लेट, सील कुठे मिळतात ते सौदा करण्याआधीच शोधा.

नव्या ट्रॅक्टरमध्ये पहिल्या काही तासांच्या कामानंतर चाकांचे नट पुन्हा आवळा. नव्या रिमचा रंग दबला की ते सैल होतात. रेडिएटरच्या पुढची जाळी रोज साफ करा, गवत कापत असाल तर दिवसातून दोनदा. पहिली सर्व्हिस बहुधा 50 तासांची: इंजिन ऑइल, त्याचा फिल्टर आणि ट्रान्समिशन-हायड्रोलिकचा फिल्टर. ती लांबवू नका, कारण नव्या गिअरचा कीस त्याच फिल्टरमध्ये साठतो. फिल्टर काढल्यावर कापून आत बघा. राखाडी बारीक गाळ नेहमीचा. बोटाला लागतील असे चमकणारे तुकडे दिसले तर ट्रॅक्टर पुढे चालवू नका, तो फिल्टर पिशवीत घालून वॉरंटीच्या दाव्यासोबत द्या.